अंगावरच्या दुधाचा हिवाळा

दिवाळी सरली की दापोडीतल्या आमच्या गल्लीच्या किराणा दुकानात अळीव येतात. डिंक, मेथी, खारीक, खसखस आणि शेवटच्या बरणीत अळीव. परवा मी गूळ आणायला गेले होते. दुकानदार एका बाईला अळीव बांधून देत होता. घरात बाळंतीण असणार, हे तिच्या घाईवरूनच कळत होतं. पुडी फाटली आणि ते तांबूस, मुंगीएवढे दाणे काउंटरभर पसरले. दुकानदार तळव्याने ते गोळा करत होता, तेवढ्यात माझ्या छातीत दोन्हीकडून एक बारीक कळ आली. ओळखीची. पान्हा फुटण्याआधी यायची तशी. मी चटकन हात आडवा धरला. झाकण्यासारखं काही नव्हतं. माझं दूध आटून दोन वर्षं होऊन गेलीत. जुई, माझी मुलगी, साडेतीन वर्षांची, ओढणीला लोंबकळत चिक्की मागत होती.

घरी येताना गूळ विसरले.

जुई सहा महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली, तेव्हापासून होळीपर्यंतचा तो एक हिवाळा. त्यानंतरचे हिवाळेही थंडच होते, पण त्यांतलं मला फारसं काही आठवत नाही. या एकाचं मात्र सगळं आठवतं. काचेवर साचलेलं दव, बाळंतशेपांचा तोंडाला येणारा वास, ओल्या कापडाचा छातीला लागणारा गारठा.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांच्या ब्रेकला लागणारे सुटे भाग मोजायचे, बरोबर असतील तर हिरवा टॅग लावायचा, चुकले असतील तर लाल. काम मला आवडतं. मोजमापात एक शांतता असते. कामावर परत जायचं की नाही यावर आमच्या घरी फार चर्चा झाली नाही. प्रशांत, माझा नवरा, तळेगावला दुसऱ्या पाळीत. तो दुपारी निघायचा, मी पहाटे. मधल्या वेळेसाठी लातूरकडून आत्या आल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. येताना त्यांनी ज्वारीचं पीठ, काळा मसाला आणि फडक्यात गुंडाळलेलं एक पितळी बोंडलं आणलं होतं. प्रशांत त्याच बोंडल्याने दूध प्यायला होता.

पहिल्या दिवशी निघताना मी जुईला शेवटचं पाजलं. शेवटचं म्हणजे निघण्याआधीचं. पण मनात शब्द तोच आला, आणि पायऱ्या उतरताना मला रडू आवरेना.

आत्या दारातून म्हणाल्या, "रडूलालीस कशाला? लेकरू काय नदीत टाकलंस का? माझ्यापाशी हाय की."

पावणेसहाची बस. सगळे कानटोप्या घालून झोपलेले, ड्रायव्हरपाशी उदबत्ती, कुणाच्या तरी मफलरला लागलेला निलगिरीच्या तेलाचा वास. भोसरी जायची, मोशी यायची, आणि साडेसहाच्या सुमाराला इंद्रायणीवरच्या पुलावर बाहेर नुसतं पांढरं दिसायचं. ना नदी, ना काठ. घरी जुई नेमकी तेव्हाच उठायची. घड्याळ बघायची गरज नव्हती. पूल आला की माझ्या कुर्त्याला ओल यायची. मी कंपनीचा निळा कोट ओढून घ्यायचे आणि हाताची घडी घालून बसायचे. पंधरा किलोमीटरवर एक जीव डोळे उघडतोय, आणि इथे माझं अंग त्याला ओ देतंय. याचं मला पहिले काही दिवस कौतुक वाटलं, पुढे पुढे त्रास व्हायला लागला. ओ देऊन उपयोग काय? बस तर उलट्या दिशेने चाललेली.

देशमाने सर आमच्या विभागाचे प्रमुख. निवृत्तीला आलेले, कडक, बोलणं कमी. त्यांना सांगायचं कसं, याची मी आदल्या रात्री आरशासमोर तयारी केली होती. प्रत्यक्षात मी एवढंच म्हणाले, "सर, मला रोज दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं लागतील. बाळासाठी."

त्यांच्या हातात मोजपट्टी होती. तिच्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "हं. जा." नियमात तशी सवलत असते, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा वाटलं, सरांनी उपकार केले.

जागा मात्र शोभाताईंनी दिली. शोभाताई हाउसकीपिंगला. आमच्याच दापोडीच्या, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीतल्या. फर्स्ट एड रूमची किल्ली त्यांच्याकडे असायची. एक खाट, एक स्ट्रेचर, एक बेसिन आणि बर्फाच्या पिशव्या ठेवायचा छोटा फ्रिज. मला दूध काढायच्या पंपाची पिशवी घेऊन बाथरूमकडे जाताना त्यांनी पाहिलं आणि हाताला धरून वळवलं.

"तिकडं कुठं? तिकडं लेकराचं जेवण करतात का? हितं बस. मी हाय दारात. कोन येत नाय."

दाराबाहेर बादली पालथी घालून त्या बसायच्या. आतून मला त्यांच्या बांगड्या ऐकू यायच्या. पंपाची घरघर चालायची. पहिल्या दिवशी बाटलीच्या तळाशी चार चमचेही जमले नाहीत. मी बाहेर येऊन त्यांना बाटली दाखवली. का दाखवली कोण जाणे. बहुतेक मला त्यांचा ओरडा खायचा होता.

"येतंय की," त्या म्हणाल्या. "माझा किरण तीन महिन्यांचा होता तवा मी कामाला लागले. छाती अशी दगड व्हायची. बाथरूममधी उभी राहून बेसिनात पिळायचे आन नळ सोडायचे. आठवड्यात आटलं सगळं. कोनाला इचारायचं हेच माहीत नव्हतं." मग बाटली उजेडाकडे धरून म्हणाल्या, "तुझं तर बाटलीत पडतंय."

मी रोज दोनदा तिथे बसले. समोर भिंतीवर आगीपासून सुरक्षेचा तक्ता होता. तो मला आजही पाठ आहे. डोळे मिटून जुईचा फोटो आठवायचा, कधी फोनवर तिच्या रडण्याचा आवाज लावायचा. रडणं ऐकलं की दूध यायचं. आईपणाची ही रीत मला आजही कळलेली नाही. बाळाला रडू द्यायचं नाही म्हणून दूध, आणि दुधासाठी त्याचं रडणं साठवून ठेवायचं.

घरी आत्यांचा वेगळाच झगडा चालला होता. जुईने बाटली थुंकली. वाटी-चमचा उडवला. तिसऱ्या दिवशी आत्यांनी बोंडलं काढलं, चिंचेने घासून लख्ख केलं, उकळत्या पाण्यात बुडवून काढलं आणि तिला मांडीवर आडवी घेऊन त्याची चोच ओठांच्या कोपऱ्यात लावली. जुईने डोळे मोठे केले आणि ती प्यायली. संध्याकाळी मला हे सांगताना आत्या निवडणूक जिंकल्यासारख्या दिसत होत्या. सकाळी मला त्या अळिवाचा लाडू देत, ओल्या नारळाचा, गुळाचा, आणि शिफ्टवरून आले की खसखशीची खीर. "खा. ह्याच्यानं दूध वाढतंय," हे त्या रोज सांगत. त्यांचं सगळं शहर म्हणजे आमच्या खोल्या, जिना आणि गल्लीच्या टोकाचं भाजीवालीचं टोपलं. पुढचा मोठा रस्ता त्यांनी एकटीने कधी ओलांडला नाही. "त्या गाड्या माणसाला बघतच न्हाईत," म्हणायच्या.

साडेचारला मी घरी पोचायचे. अंगाला मशीनच्या तेलाचा वास. आधी आंघोळ करायची असं ठरवलेलं, पण जिन्यावर माझी चप्पल वाजली की आतून जुईचं सुरू व्हायचं. दारातच बसून घ्यायचे. ती आधी नाक लावायची, मग तोंड. एका हाताने माझं ओळखपत्र घट्ट धरून ठेवायची. दिवसभर ज्याला जागा नव्हती ते सगळं त्या दहा मिनिटांत उतरायचं. आत्या समोर शेंगा सोलत बसायच्या.

जानेवारीत कंपनीत मोठं ऑडिट होतं. आठवडाभर आधीपासून साफसफाई चाललेली. काय ठेवायचं, काय काढायचं, याची यादी मीच केली होती आणि त्यातला पहिलाच नियम असा: ज्या वस्तूवर टॅग नाही, ती जागेवर राहणार नाही. त्या आठवड्यातल्या एका दिवशी शोभाताई रजेवर होत्या. शिफ्ट संपल्यावर मी बाटल्या घ्यायला फर्स्ट एड रूममध्ये गेले. फ्रिज चकचकीत. बर्फाच्या पिशव्या ओळीने. माझ्या दोन्ही बाटल्या बेसिनपाशी, स्वच्छ धुऊन, रुमालावर पालथ्या घातलेल्या.

देशमाने सर मागून आले. "फ्रिज मी क्लिअर केला. काहीतरी पांढरं होतं, टॅग नव्हता, म्हणून..."

"सर, ते माझं होतं."

त्यांना समजायला एक क्षण लागला. मग ते खाटेच्या कडेवर बसले. मी उभीच. ते उद्याचं दूध होतं. आदल्या आठवड्यात जुईची भूक वाढली होती, घरच्या फ्रिजमध्ये थेंब शिल्लक नव्हता. हे सगळं मला त्यांना सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं, कारण नियम त्यांचा नव्हता, माझा होता. माझ्याच अक्षरातला.

"मला वाटलं केमिकल," ते म्हणाले. आणि मग, "मला दोन मुली आहेत. कधी वाढल्या कळलंच नाही."

बसमध्ये मी खिडकीला डोकं लावून ठरवून टाकलं, की आता बस्स. घरी गेल्यावर आत्यांना म्हणाले, "उद्याचं दूध ओतलं गेलं. मी सोडते आता हे सगळं. एक तर नोकरी, नाही तर हे."

आत्यांनी मला बसवलं. "पावडर आन की मग," त्या म्हणाल्या.

 मला वाटलं होतं, त्या रागावतील.

"इख हाय का ती? प्रशांत चार महिन्यांचा होता तवा मी खुरपायला जायचे. बांधावर झोळी बांधून. मला पुरत होतं का दूध? शेळीचं पाजलंय त्याला. झालाच की एवढा टोणगा. उद्या तू काढून आनशील ते पाजू, कमी पडलं तर पावडर. सोडायचं कशाला मनते मी? संध्याकाळी दारात बसून पाजतीस ते कुणी ओतून दिलंय का?"

दुसऱ्या दिवशी जुई पावडरचं दूध बोंडल्याने गटागटा प्यायली. फोनवर हे ऐकून मला हायसं वाटलं, आणि लगेच एवढी असूया वाटली की फोन खिशात टाकून मी उगीचच एक खोका दोनदा मोजला. वाटलं होतं, माझ्याशिवाय तिचं अडेल. अडलं नाही. त्या दिवसापासून मात्र पंपाचा ताण जरा सैल पडला, खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखा. दूध पुरवायचं होतं तोवर ती ड्यूटी होती. पुरलं नाही तरी चालेल, हे कळल्यावर ते आमचं दोघींचं झालं. गंमत म्हणजे त्यानंतर बाटली जास्त भरू लागली.

त्याच दिवशी सकाळी देशमाने सर यादी घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "यात एक ओळ वाढवा. कर्मचाऱ्याचं अन्न, टॅगसह ठेवता येईल." आणि हिरव्या टॅगांचं एक बंडल ठेवून गेले. मी नाव, तारीख, वेळ घातली आणि बाटलीच्या मानेला टॅग बांधला. शोभाताई तो बघून पोट धरून हसल्या. "बघ, तुझं दूध पास झालं!" ऑडिटच्या दिवशी आलेल्या साहेबांनी फ्रिज उघडला, टॅग वाचला, माझ्याकडे वळून विचारलं, "कितने महीने का है?" मी म्हणाले, "आठ." त्यांनी दार हळू लावलं. एवढंच. पुढे ते मोजमापाच्या गेजच्या कपाटाकडे गेले.

थंडी ओसरत आली होती. उन्हं जरा तापू लागलेली, मोशीकडच्या शेतांत हरभऱ्याचे घाटे भरलेले. जुईला दात येत होते. एका दुपारी मोशीच्या पुढे कंटेनर उलटला आणि रस्ता बंद झाला. पावणेचारला निघालेली आमची बस साडेसहा झाले तरी भोसरीच्या अलीकडेच होती. पुढे-मागे नुसत्या कंपन्यांच्या बसेस आणि ट्रक. माझी छाती दाटून दगड झालेली, हात वर करवेना. पंप कंपनीतच राहिला होता.

आत्यांचा फोन आला. पाठीमागे जुईचं रडणं, घसा बसलेलं. "अंग गरम हाय. काईच घेईना. बोंडलं ढकलूलालीय. तू कुठं हायस?"

"भोसरीच्या अलीकडे, आत्या. गाडी हलत नाही. मी उतरते, चालत येते."

"भोसरी मंजे ती पुलाची? थांब तिथंच." फोन बंद.

परत परत लावला, उचलेनात. शेवटी शेजारच्या वहिनींना लावला. त्या म्हणाल्या, "अहो, त्या जुईला घेऊन केव्हाच निघाल्या. शेअर रिक्षात बसल्या."

 गल्लीपुढचा रस्ताही एकटीने कधी न ओलांडलेली बाई, अक्षरओळख बेताची, कडेवर तापलेलं मूल, आणि रस्त्यावर आमच्यासारख्या पन्नास बसेस. मी उठले. शोभाताईंनी मला खाली बसवलं. "तू उतरलीस तर चुकामूक होईल. बस."

पुढच्या सीटवर देशमाने सर होते. काय चाललंय ते त्यांनी ऐकलं असणार. काही न विचारता ते उतरले, त्यांच्यामागे आणखी दोघं. खिडकीतून मला ते गाड्यांच्या दिव्यांत पुलाकडे चालत जाताना दिसले, मग दिसेनासे झाले. अंधार पडत होता. दहा मिनिटं गेली असतील, वीस गेली असतील. मला काही ऐकू येण्याआधी माझा कुर्ता भिजला. मग आवाज आला.

आत्या बसच्या दारात उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, केस सुटलेले, एका पायात चप्पल नाही. सर त्यांची पिशवी धरून मागे. जुईला त्यांनी कुणाकडे दिलं नव्हतं. "गाडी गाडी थांबवून तुझं नाव घेऊलालते," त्या धापा टाकत म्हणाल्या. "धर हिला. माझा जीव गेला."

शोभाताई उठून उभ्या राहिल्या. "चला, गडीमानसं खाली उतरा. पाय मोकळे करा जरा."

 तीस-एक माणसं, सकाळपासून उभ्याने काम केलेली, एकामागून एक उतरली. ड्रायव्हरही उतरला. बसला पाठ करून सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहिले. बायका सीटवरून वळल्या. शोभाताईंनी आपली शाल खिडकीला धरली. जुई गरम होती, निखाऱ्यासारखी. आधी नाक लावलं, हुंदका दिला, आणि मग तोंड लावलं. नव्या दाताने चावली. मी ओठ घट्ट मिटले. तिचा गिळण्याचा आवाज सबंध बसमध्ये ऐकू येत होता. आत्या समोरच्या सीटवर बसून उघड्या पायाची धूळ झटकत होत्या.

तेवढ्यात पुढचा ट्रक हलला. तीनेक तासांनी रस्ता सुटला होता. आमच्यापुढे मोकळी जागा झाली, ती वाढत गेली, आणि मागून हॉर्न सुरू झाले. एक, चार, मग सगळेच. कुणीतरी ओरडलं, "ओ, गाडी काढा की राव!" खालून आमच्या ड्रायव्हरचा आवाज आला, "लेकरू पितंय. थांब जरा, भावा."

मला ओशाळल्यासारखं झालं. मी जुईला छातीपासून हलकेच सोडवलं, कुर्ता सारखा करत म्हणाले, "झालं, शोभाताई. बोलवा त्यांना वर."

"कुठं झालं?" आत्या म्हणाल्या. "एकाच अंगाला पाजलंस. दुसऱ्या अंगाला घे."

मी खिडकीकडे पाहिलं. शालीच्या कडेतून खाली उभ्या असलेल्या माणसांच्या पाठी दिसत होत्या. हॉर्न वाजत होते. एकजणही वळला नाही.

मी जुईला दुसऱ्या अंगाला घेतलं.